दुतोंडी फळीवरून एकतोंडी फळीवर

संक्रांतीला गच्चीवर चढून पतंग उडविणाऱ्या बुलढाण्याच्या मुलाला वाऱ्याची ओढ बोटांतच कळते. तीच ओढ कैक पटींनीं वाढवून माणसाला पाण्यावरून नेण्याची युक्ति म्हणजे काइटसर्फिंग. पतंग गाडीला जुंपण्याचें पेटंट ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरानें १८२६ सालीं घेतलें. हें सांगतांना आम्हां शिक्षकांस थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा. पाण्यांत पडूनहि पुन्हां उडणाऱ्या, हवेनें फुगविलेल्या पतंगाचें पेटंट फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंचें, १९८४ चें.

आपल्या जिल्ह्यांत समुद्र नाहीं, आणि लोणारचें सरोवर संरक्षित असल्यामुळें तेथें असल्या खेळाचा विचारहि करूं नये. परंतु सुट्टींत गोव्यास जाणाऱ्यांना मोरजीच्या किनाऱ्यावर हा खेळ पाहावयास मिळतो. दुपारीं जमीन तापून तिच्यावरील हवा वर जाते व तिची जागा घेण्यास समुद्रावरील गार हवा धांवत येते. खेळाडू या वाऱ्याचीच वाट पाहत असतात.

नवशिक्यास प्रथम मिळते ती फळी मांडुळासारखी दुतोंडी. (मांडुळास खरोखर दोन तोंडें नसतात, हें सृष्टिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.) तिचीं दोन्ही टोंकें सारखीं, आणि पाय पट्ट्यांत अडकविलेले. उलट दिशेस जातांना पाय हलवावे लागत नाहींत. शेपूट होतें तेंच तोंड होतें. लाटांवर स्वार होण्याच्या फळीला मात्र तोंड एकच असतें. मागें तळाशीं माशाच्या परांसारखे पर असतात आणि पट्टे पुष्कळदां नसतातच. पहिल्या फळीवर तरबेज झालेला विद्यार्थी या दुसरीवर पुन्हां नवशिका होतो. पतंग सांभाळण्याची हातांची विद्या जशीच्या तशी कामास येते. अडतें तें पायांत.

दुतोंडी फळीवर टांचांनीं कड पाण्यांत रुतवून वाऱ्याची ओढ अडवावी लागते, म्हणून खेळाडू मागें रेलतो. एकतोंडी फळीचें हें काम बरेंचसें परच करतात. जुन्या संवयीनें टांचा दाबल्यास ती वाऱ्याकडे तोंड फिरविते आणि वेग गमाविते. येथें गुडघे वांकवून अधिक सरळ उभें राहावें.

खरी कसोटी वळणावर लागते. फळी वळली तरी पाय पूर्वीचेच राहतात. भार टांचांवरून चवड्यांवर येतो आणि अंग पिळल्यासारखें होतें. आतां पाय बदलावयाचे. पतंग वर धरून ओढ कायम ठेवावी, म्हणजे अंग हलकें होतें. फळी सपाट करावी, मागचा पाय पुढच्याजवळ आणावा, मगच पुढचा मागें न्यावा. नजर पायांकडे गेली कीं तोल गेलाच! आमच्या मतें चवड्यांवर भार देऊन जाण्याचा सराव जुन्या फळीवरच करून घ्यावा. तेथें पट्टे असल्यानें एका वेळीं एकच अडचण सोसावी लागते.

पट्टे नसले म्हणून फळी दोरीनें अंगास बांधूं नये. ताणलेली दोरी तिला उसळवून डोक्यावर आणून आदळते. आईबापांनीं शिरस्त्राण आहे काय हें पाहावें, आणि पतंगाची ओढ क्षणांत तोडण्याची कळ मुलास डोळे मिटूनहि सांपडते काय, हें त्याच्याकडून करवून घ्यावें. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल त्या दिवशीं मूल कितीहि हट्ट करो, त्यास पाण्यांत उतरूं देऊं नये. तो वारा पतंग, फळी व स्वार या तिघांनाहि खोल समुद्राकडे घेऊन जातो.