हृदय आहे, पण ठोका नाही!

प्रश्न : सॅलमँडरच्या काही भ्रूणांचे हृदय कधीच धडधडत नाही, तरी ते पोहतात, असे वाचले. रक्त फिरत नसताना ते जगतात कसे?

उत्तर : हा सॅलमँडर म्हणजे मेक्सिकोतला अॅक्सोलॉटल. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात याची पैदास होत असे. तिथे रूफस हम्फ्री यांना हे भ्रूण सापडले आणि १९७२ साली त्यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. दोष एका अप्रभावी जनुकातला. जन्म देणारे नर-मादी दोघेही निरोगी दिसतात. पण दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर सरासरी चारांतला एक भ्रूण असा निपजतो.

त्याचे जगणे आकारावर अवलंबून असते. शरीर इतके चिमुकले, की पाण्यातला प्राणवायू त्वचेतून आणि कल्ल्यांतून थेट आत झिरपतो. अन्न अंड्यातल्या बलकातून मिळते. अंगाचे स्नायू धडधाकट असल्यामुळे तो पोहतो. पण हळूहळू अंगात पाणी साठून तो फुगतो आणि इतरांचे हृदय सुरू होते त्या टप्प्यापासून सुमारे तीन आठवड्यांत मरतो.

मग हृदयात बिघडते काय? सुरुवात नेहमीसारखीच होते. दोन्ही बाजूंच्या पेशी मध्यभागी येतात आणि त्यांची नळी बनते. संशोधक लॅरी लेमान्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा या नळीत स्नायूतंतूंची शिस्तशीर मांडणीच झालेली नव्हती. विटा आहेत, पण भिंत उभी नाही, तसा प्रकार. ट्रोपोमायोसिन हे प्रथिन तिथे फार कमी होते. पुढे प्रयोगशाळेत ते बाहेरून पुरवल्यावर तंतू जुळले आणि अशी हृदये धडधडू लागली.

हम्फ्री यांच्या प्रयोगांत सदोष हृदयाचा अंकुर निरोगी भ्रूणात बसवला, तर तो धडधडे. निरोगी अंकुर सदोष भ्रूणात मात्र निपचित राही. म्हणजे खोट हृदयात नसून शेजारच्या ऊतींच्या संदेशात असावी, असा त्यांचा तर्क. लेमान्स्की यांनीही शेजारच्या अंतःस्तराकडे, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत आतल्या थराकडे, बोट दाखवले. नंतरच्या काही संशोधकांनी मात्र दोष खुद्द हृदयपेशींतच असल्याचे मांडले.

ट्रोपोमायोसिनचे महत्त्व सॅलमँडरपुरते नाही. माणसात त्याच्या एका जनुकातील उत्परिवर्तनांमुळे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार होतो.