भीतीचा खेळ आणि मुलांची झोप

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. वळ गावातील एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाचे पोट दुखते, भूक लागत नाही, सकाळी डोके जड असते, अशी तक्रार होती. मी पोट तपासले, जंतांचे औषध दिले, बाहेरचे खाऊ नकोस म्हणून बजावले आणि पाठवून दिले. आठ दिवसांनी ती दोघे पुन्हा आली. पोट तसेच दुखत होते. रक्त, लघवी तपासून घेतली. सारे ठीक निघाले. तिसऱ्या खेपेस मात्र त्या बाई दाराशीच थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, पोऱ्या रातचा झोपत नाय. दिवा बंद करू देत नाय. बापाचा डबा घेऊन गोडाऊनवर जायचा, त्यो आता जात नाय. सासूबाई बोलतात, बाहेरचा काय लागलाय, भगताकडे न्या.”

झोपेबद्दल मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. ते विचारले नाही, ही माझी चूक. पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाच्या पोटावर हात ठेवणे सोपे असते. त्याची रात्र कशी जाते हे विचारायला वेळ लागतो.

मी आईला बाहेर बसवले आणि मुलाशी एकट्याने बोललो. थोड्या वेळाने त्याने सांगितले. रात्री वडील पाळीवर गेले आणि आई झोपली की तो मोबाइलवर एक खेळ खेळत असे. त्यात एक माणूस पिवळ्या भिंतींच्या रिकाम्या खोल्यांतून चालत असतो. खोलीतून खोली निघते. माणूस कोणी नाही, खिडकी नाही, फक्त ट्यूबलाइटची घरघर. आणि कुठेतरी मागे काहीतरी चालत येत असते. “आपलं गोडाऊन रिकामं असलं ना, की तसंच दिसतं,” तो म्हणाला.

वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे हा सारा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वाक्याचा अर्थ लगेच कळेल. जिथे एके काळी भातशेती होती तिथे आज गोदामांच्या रांगा आहेत. माल उचलला गेला की आत उरतात त्या लांबच लांब भिंती, खांब आणि दिवे. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात खेळ आणि गाव एक झाले होते.

हे खेळ असतात तरी कसे?

मारामारीचे, मोटारींच्या शर्यतीचे खेळ पालकांना माहीत असतात. हा प्रकार वेगळा आहे. यात शत्रू क्वचितच दिसतो. दाखवले जाते ते एक बिघडलेले, स्वप्नासारखे जग. तिथे माणसे नाहीत, नियम कळत नाहीत आणि बाहेर पडण्याची वाट सापडत नाही. २०१७ साली आलेल्या ‘ग्रॅनी’ या खेळात खेळणारा एका म्हातारीच्या कुलूपबंद घरात अडकतो. जरा आवाज झाला की ती धावून येते. २०२१ साली आलेल्या ‘पॉपी प्लेटाइम’ मध्ये खेळण्यांचा एक ओसाड कारखाना आहे. आमच्या रुग्णाचा खेळ ‘बॅकरूम्स’ या कल्पनेवर बेतलेला होता. २०१९ साली इंटरनेटवर एका रिकाम्या पिवळ्या खोलीचे छायाचित्र आणि त्याखाली चार ओळींची भयकथा पसरली. पुढे त्यावरून कितीतरी चित्रफिती आणि खेळ निघाले.

या साऱ्या खेळांत एक युक्ती समान असते. खेळणाऱ्याला पडद्यावर आपले पात्र दिसत नाही. फार तर हात किंवा हातातील विजेरी दिसते. पात्राचे डोळे तेच आपले डोळे, त्याचा श्वास तोच आपला श्वास. सिनेमात आपण दुसऱ्याला दार उघडताना पाहतो. इथे दार आपल्यालाच उघडावे लागते. त्यात कानाला इअरफोन लावलेला असला तर मागून येणारी पावले खरोखर आपल्या मागे वाजतात.

शरीरात काय घडते?

अंधारात वाटेवर दोरी पडलेली दिसली की पाय आधी मागे येतो आणि ती दोरी आहे हे नंतर कळते. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. धोक्याची सूचना देण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. विचार करणारा मेंदू निवाडा देईपर्यंत तो थांबत नाही. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, तळहातांना घाम सुटतो, स्नायू ताठ होतात. रक्त स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मंदावते. पोटात गोळा येतो असे आपण म्हणतो तो हाच.

म्हणजे खेळ खोटा असला तरी शरीराची भीती खरी असते. शेतात साप दिसला तर माणूस पळतो आणि पळण्यात ती तयारी खर्ची पडते. गादीवर पडून खेळणारे मूल पळत नाही. अंगठा तेवढा हलतो. रोज रात्री तास-दोन तास असे चालले तर सकाळी डोके जड होणे, भूक मरणे, पोट दुखणे यात नवल ते काय?

आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. अशा खेळात डोळे सांगतात ‘आपण चालतो आहोत’ आणि कानातील तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘आपण स्थिर आहोत’. या विसंवादामुळे काही मुलांना गाडी लागल्यासारखी मळमळ होते, चक्कर येते. दुसरी गोष्ट म्हणजे लुकलुकणारे दिवे. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार असलेल्या काही थोड्या व्यक्तींना वेगाने उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमधील अशा प्रकाशामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. ज्या मुलाला फिट येऊन गेली आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे खेळ खेळू नयेत.

झोप का उडते?

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. झोप येण्यासाठी शरीर शांत व्हावे लागते. भीतीने ते जागे होते. मोबाइलच्या उजेडाने झोपेची वेळ आणखी पुढे ढकलली जाते. दोन्ही बाजूंनी मार बसतो.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण जुनी आहे आणि बरोबर आहे. झोपण्यापूर्वी जे तीव्रतेने अनुभवले ते स्वप्नात उतरू शकते. वाईट स्वप्ने बहुधा पहाटेकडे पडतात, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. याच झोपेत हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी कधी माणूस जागा होतो पण स्नायू जागे व्हायला काही क्षण लागतात. हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. गावाकडे याला भूत बसले म्हणतात. तो भुताचा प्रकार नव्हे. अपुऱ्या आणि अवेळी झोपेत तो जास्त घडतो आणि थोड्या वेळात आपोआप जातो.

भगताकडे नेण्याचा विचार करणाऱ्या आजीबाईंवर मी रागावलो नाही. नातवाची काळजी घरात सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात आली होती. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणे, बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि आधीच घाबरलेल्या मुलाला ‘तुला खरोखरच काहीतरी लागले आहे’ असे मोठ्यांनी सांगितले तर त्याची भीती पक्की होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

मग भीती वाईटच का?

नाही. मुलांना भीतीची गंमत हवी असते आणि ती पूर्वीही हवी असायची. आपण लहानपणी आजीकडून मुंजाच्या, हडळीच्या गोष्टी ऐकल्याच आहेत. मी स्वतः ऐकल्या आहेत आणि नंतर पांघरुणातून नाक बाहेर काढले नाही. पण त्या गोष्टीच्या वेळी आजी शेजारी असे. पोर फारच घाबरले असे दिसले की ती गोष्ट आवरती घेई, पाठीवर हात फिरवी आणि मग झोप लागे. भीती सुरू होई ती माणसांत आणि संपे तीही माणसांत.

खेळात हाच हात नसतो. मूल एकटे, खोली काळोखी, कान बंद, आणि समोरचे यंत्र मुलाचा चेहरा पाहून थांबत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की मुलाला अपाय होतो तो बहुधा नुसत्या भीतीने नव्हे. एकटेपणातल्या आणि झोपेच्या वेळच्या भीतीने होतो.

पालकांनी उलट टोकालाही जाऊ नये. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाच्या बातम्यांनी घरोघरी घबराट उडाली होती. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की तपासलेल्या घटनांपैकी एकाचाही त्या खेळाशी संबंध सिद्ध झालेला नाही. अफवेने घाबरलेला पालक मुलाला धीर देऊ शकत नाही. तसेच, खेळणारे प्रत्येक मूल व्यसनी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत १ जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकाराचा समावेश आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, असे चित्र साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. आमचा रुग्ण व्यसनी नव्हता. तो घाबरलेला होता आणि कोणाला सांगू शकत नव्हता, कारण सांगितले असते तर मोबाइल गेला असता.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

मी त्याला त्या पिवळ्या खोलीची खरी हकीकत सांगितली. ते छायाचित्र नेमके कुठले, हे २०२४ साली शोधून काढण्यात आले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे गाव आहे. तिथल्या खेळणी व छंदाच्या वस्तूंच्या एका दुकानाचे काम चालू असताना, २००२ साली तो फोटो काढला होता. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तिथं गवंडी होते?” मी म्हटले, “गवंडी असतील, सुतार असतील, त्यांचे डबेही असतील.” तो पहिल्यांदा हसला.

औषध दिले नाही. रात्री मोबाइल आईच्या उशाशी, दिवा मंद आणि पहिले काही दिवस आजी त्याच खोलीत, असे ठरले. वडिलांना सांगितले की सुटीच्या दिवशी भर दुपारी त्याला गोदामावर न्या. पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत. नंतर शटरपर्यंत. मग वडिलांबरोबर आत. घाई नाही, थट्टा नाही. ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ पायरीपायरीने जाणे हा अशा भीतीवरचा चांगला उपाय आहे. दीड महिन्याने तो पुन्हा डबा घेऊन जाऊ लागला. पोटदुखीचे त्याने नावही काढले नाही. खेळ त्याने कायमचा सोडला का? नाही. रविवारी दुपारी, चुलतभावाबरोबर, आवाज मोकळा ठेवून खेळतो, असे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितले. मला त्यात काही गैर वाटले नाही.

पालकांनी काय करावे?

१. झोपण्यापूर्वी किमान एक तास मोबाइल बंद ठेवावा आणि रात्री तो मुलाच्या खोलीत ठेवू नये. हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

२. खेळ उतरवून घेताना त्यावर लिहिलेला वयाचा आकडा पाहावा. सोळा किंवा अठरा लिहिले असेल तर तो दहा वर्षांच्या मुलासाठी नाही.

३. एकदा शेजारी बसून खेळ पाहावा. ‘हे काय आहे, मला दाखव’ एवढे म्हटले की मुले भरभरून सांगतात.

४. खांद्यावरून पाहणाऱ्या धाकट्या भावंडाकडे लक्ष ठेवावे. खेळत नसले तरी त्याला भीती वाटतेच, आणि ते बोलून दाखवत नाही.

५. घाबरलेल्या मुलाला भित्रा म्हणू नये. स्वप्न सांगू लागले तर पूर्ण ऐकून घ्यावे.

६. मोबाइल हिसकावून, मारून प्रश्न सुटत नाही. मूल खेळणे लपवू लागते आणि भीतीही लपवू लागते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन-तीन आठवडे झोप नीट नसेल, मूल शाळेत जायचे टाळत असेल, जागेपणी नसलेली माणसे दिसतात किंवा आवाज ऐकू येतात असे सांगत असेल, फिट आली असेल, तर वेळ घालवू नये. मूल जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागले तर त्याच दिवशी दाखवावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

आमच्या भागात अनेक घरांत वडील रात्रपाळीला असतात आणि आई दिवसभराच्या कामाने थकून लवकर झोपते. दोष कोणाचाच नाही. पण रात्री दहा वाजता पोर काय करते आहे, एवढे विचारणारे एक माणूस घरात हवे. ते आजी असेल, काका असेल, थोरली बहीण असेल. आज रात्री विचारून पाहा.