नव्या लॅपटॉपची बेगमी

पावसाआधी आपल्याकडे आगोटीची बेगमी करतात. तांदूळ, सुके मासे, सोलां, लाकडे घरात येतात. पाऊस लागल्यावर धावपळ करून काय उपयोग? नव्या लॅपटॉपचेही तसेच आहे. त्याची बेगमी म्हणजे रिकव्हरी ड्राइव्ह. विंडोज बिघडून लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर हा पेनड्राइव्ह लावून विंडोज पुन्हा घालता येते. पूर्वी यासाठी सीडी मिळत असे. आता बहुतेक मिळत नाही.

दादाने कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला तेव्हा हे काम मी बाजूला बसून बघितले. शोधायच्या जागी 'रिकव्हरी ड्राइव्ह' लिहिले की चौकट उघडते. सिस्टम फाइल्स घ्यायच्या का, असे ती विचारते. तिथली खूण ठेवावी. ती काढली तर नुसती दुरुस्तीची हत्यारे येतात, विंडोज येत नाही.

आधी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावला. तो पुरला नाही. निदान १६ लागतो, ३२ असला तर बरे. ३२ चा होता, पण त्यात आत्तेच्या लग्नाचे फोटो! या कामात पेनड्राइव्हमधले सगळे पुसले जाते. आई चुलीकडूनच ओरडली, "रे, आधी फोटो खंयतरी काढून ठेव, मगे काय ता कर!" आईचे बरोबर होते.

मग अर्ध्यावर 'ड्राइव्ह तयार करता आला नाही' असे आले. मध्ये जोडलेला हब काढून पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावला, चार्जरही लावला, तेव्हा झाले. वेळ फार लागतो. रेघ हलत नाही म्हणून उपटू नये. वादळाच्या दिवशी तर हे काम नकोच. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर विजेचे किती खांब पडले होते!

तरीही जमले नाही तर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल आहे. त्याला ८ जीबी पुरतो, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही चालते. मात्र इंटरनेट चांगले पाहिजे.

रिकव्हरी ड्राइव्हमध्ये आपले फोटो, अभ्यास येत नाही. त्याची प्रत वेगळी ठेवावी लागते. शिवाय नव्या लॅपटॉपला आतून कुलूप असू शकते. दुरुस्तीच्या वेळी तो ४८ आकडी किल्ली मागतो. आमची किल्ली वहीत लिहून आजीच्या ट्रंकेत ठेवली आहे, लॅपटॉपच्या पिशवीत नाही.