समुद्रातली पवनचक्की आणि घरातला पंखा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे आधी फायली येतात, मागून पालक आणि सगळ्यात शेवटी मुलं. यंदा तिघांच्या फायलीत एकच चकचकीत माहितीपत्रक निघालं. ‘ऑफशोअर विंड’ची खास पदवी, फी लाखांत. “सर, स्कोप आहे ना?”

त्यावरचा निळा समुद्र आपला नव्हे. भारताच्या समुद्रात वीज विकणारी एकही पवनचक्की अजून उभी नाही. धोरण आलं 2015 साली. खंभातच्या आखातातल्या 1 गिगावॉटसाठी 2018 मध्ये कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. तेव्हा दुसरी-तिसरीत असलेली पोरं आता दहावी झाली. जून 2024 मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूसाठी प्रत्येकी 500 मेगावॉटची, एकूण 7,453 कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे काम येणार, पण तुमच्या मुलाच्या पदवीचा मुहूर्त बघून नाही.

इंजिनिअरच व्हायचं असेल तर साधं इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा सिव्हिल घ्या. वारा पडला तरी ते कुठेही चालतं. विषय संपला.

मला बोलायचंय ते आयटीआयबद्दल. हा शब्द काढला आणि समोरचे वडील ताठ झाले. “लोक काय म्हणतील?” मुलाच्या नखांत काळं ग्रीस होतं, घरातला पंखा त्यानेच उघडून दुरुस्त केला होता. हे वडिलांनीच सांगितलं, तेही तक्रार म्हणून!

इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, दोन वर्षं. मग साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारासारख्या ठिकाणी जमिनीवरच्या पवनचक्क्यांवर हात बसवायचा. समुद्रावर जायचं तर जीडब्ल्यूओचं, म्हणजे ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं, सुरक्षा प्रशिक्षण लागतं: उंचीवरचं काम, आग, प्रथमोपचार, ओझं उचलणं आणि समुद्रात जीव वाचवणं. या शेवटच्या भागात अंगभर सूट चढवून पाण्यात उतरायचं आणि तरंगत्या तराफ्यावर स्वतःला ओढून घ्यायचं. प्रमाणपत्र दोन वर्षांपुरतंच, मग पुन्हा उजळणी. कागदावर नुसतं ‘ऑफशोअर’ छापलं म्हणून कोणी बोटीत घेत नाही. आणि गच्चीच्या कठड्यापाशी ज्याचे पाय लटपटतात, त्याला केवळ पगाराच्या आकड्यासाठी तिकडे ढकलू नका.

तासाभरात मुलगा एकदाच बोलला. “वर शिडीने जायचं की लिफ्ट असते?”

वडील माहितीपत्रक चाळू लागले. त्यात ते नव्हतं.