घरातला बोका आणि घरातले विष

उंदीर-घुशींच्या त्रासामुळे आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत मांजर असते. पाळलेले की आपणहून राहायला आलेले, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. दूधभातावर चार-पाच किलोचा झालेला बोका मुलांचा लाडका असतो. पण त्याच एका खोलीत माणसे, चूल, फवारणीचा पंप आणि औषधांच्या बाटल्याही असतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर मांजराचा विषय घेतला आहे. कोणाला हसू आले तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

मांजर वास घेतल्याशिवाय कशाला तोंड लावत नाही. त्यामुळे ते विष खाणार नाही, असे आपण धरून चालतो. पण ते दिवसभर अंग आणि पंजे चाटत असते. फरशीवर, गोणीवर, कपड्यावर जे सांडलेले असेल ते पंजाला लागते आणि चाटताना पोटात जाते. रांगणाऱ्या बाळाचेही तसेच. हात आधी फरशीवर, मग तोंडात.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. हे शेतात घडले, पण औषध शेतातच राहत नाही. ते सदऱ्यावर आणि पंपाच्या पट्ट्यावर बसून घरी येते. बोका नेमका त्याच सदऱ्यावर जाऊन झोपतो, कारण त्याला घरच्या माणसाचा वास असतो. फवारणीचे कपडे दाराबाहेरच उतरवावेत, वेगळ्या बादलीत धुवावेत, साबणाने आंघोळ करावी आणि मगच बाळाला घ्यावे. पंप आणि औषध शेतमालकाचे असेल तर ते त्याच्याच कोठ्यावर राहू द्या. मजुराने ते आपल्या घरात सांभाळण्याचे काही कारण नाही.

औषध उंचावर ठेवा, असे सगळेच सांगतात. मोठ्या बोक्यापुढे हा उपाय चालत नाही. ओट्यावरून फळीवर आणि फळीवरून सज्जावर तो दोन उड्यांत जातो. सैल बुचाची बाटली त्याच्या धक्क्याने पडली, तर खाली कोण झोपले आहे याचा विचार करा. औषध ठेवायचेच असेल तर कडी-कुलपाच्या पेटीत, आणि तीही राहत्या खोलीबाहेर. धान्यातल्या किड्यांसाठी ज्या विषारी गोळ्या मिळतात त्या मात्र पेटीतसुद्धा नकोत. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो.

मांजर असलेल्या घरात उंदराचे औषध टाकू नये. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, मांजराला सहज सापडतो, आणि विष मांजराच्या पोटात जाते. उंदरांच्या काही औषधांत रक्त गोठत नाही आणि त्रास तीन-चार दिवसांनी दिसतो, तोवर कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. पिंजरा लावा, तो पुरतो.

आता चांगल्या मनाने होणाऱ्या चुका. बोका तापला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी दुधात विरघळवून देतात. माणसाला उतार देणारी ही गोळी मांजराचे यकृत पचवू शकत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते. बकरी-बैलाच्या गोचिडांचे औषध मांजराला चोळतात, त्याने त्याला झटके येतात. फिनाईलही मांजराला सोसत नाही. फिनाईलने पुसलेली फरशी पुन्हा साध्या पाण्याने पुसून वाळू द्यावी, मग बोक्याला आत घ्यावे.

मांजराची लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल, तोल जात असेल, तर मीठपाणी किंवा तेल पाजून ओकारी काढू नका. अंगाला औषध लागले असेल तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबणाने धुवा आणि औषधाचे वेष्टन घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. घरातल्या माणसाला लाळ, घाम, ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

मांजराची विष्ठा रोज उचलून पुरावी. गरोदर बाईने हे काम करू नये. त्यातले जंतू गर्भाला बाधतात.

दुखणाऱ्या मांजराला धरताना ते ओरखडते, चावते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. पाळलेले मांजर आहे म्हणून रेबीजची लस टाळू नये. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते, आणि सांगितलेल्या तारखांना सगळे डोस घ्यावे लागतात.