सर्वांत मागे धावणारा

पावसाळा सरून धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या, की चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील रस्त्यांवर एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. नुकतेच उजाडलेले असते, बांध्यांवरील धुके अद्याप विरलेले नसते, आणि आठ-दहा तरुणांचा मेळा रस्त्याच्या कडेने धावत येत असतो. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणी अनवाणीच असतो. त्यांतील बहुतेकांना पोलीस दलात किंवा वनखात्यात शिरावयाचे असते. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते; वनरक्षकाच्या भरतीत मुलांसाठी ५ आणि मुलींसाठी ३ किलोमीटर अंतर असते. ज्या घरी शेतीचा लहानसा तुकडा आणि मोहफुलांचा हंगाम एवढीच मिळकत आहे, त्या घराचे पुढील दिवस कित्येकदा या काही मिनिटांवर अवलंबून असतात.

मुलांनो, तुमच्या मनात सहजच प्रश्न येईल, की धावतात ते प्रत्येकाचे स्वतःचे पाय. मग त्यासाठी मंडळ कशाला हवे?

नवशिका मुलगा एकटा धावू लागला, म्हणजे बहुधा बाणासारखा सुटतो. पहिली दोन-तीन मिनिटे हृदय व फुप्फुसे पायांच्या मागणीला पुरी पडत नाहीत. स्नायूंना हवा तेवढा प्राणवायू मिळत नाही, छाती भात्यासारखी चालू लागते आणि मुलगा मटकन खाली बसतो. 'धावणे आपल्याला जमणार नाही,' असा निष्कर्ष काढून तो घरी परततो. वास्तविक त्याचे पाय दुबळे नसतात, गती तेवढी चुकलेली असते. चार जणांबरोबर धावणाऱ्याची गती आपोआप आवरली जाते. जाणते धावपटू यासाठी एक सोपी कसोटी सांगतात : धावता धावता शेजाऱ्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग कमी करावा. ही कसोटी घ्यावयाची, तर शेजारी कोणी तरी हवाच.

आपल्या जिल्ह्यांत सोबतीचे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, त्यामुळे धावावयाचे तर सकाळी लवकरच. परंतु पहाट आणि तिन्हीसांज याच वाघ-बिबट्यांच्या फिरण्याच्या वेळा. पहाटे मोहफुले वेचावयास गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या दुःखद घटना या भागात घडलेल्या आहेत. म्हणून जंगलालगतच्या वाटेवर चांगले उजाडल्यावाचून पाऊल टाकू नये, एकट्याने तर मुळीच जाऊ नये. कानांत गाणी ऐकण्याची यंत्रे घालून धावणे शहरात कदाचित खपत असेल. येथे कान मोकळेच हवेत. आणि वाघ दिसलाच, तर धावपटूने करू नये अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे धावणे! पळणारा प्राणी पाहून वाघ पाठलाग करतो. त्याच्याकडे पाठ न फिरवता, सर्वांनी एकत्र राहून, हळूहळू मागे सरावे.

धावणाऱ्यांना एकत्र आणण्याचे काम महाराष्ट्रात फार पूर्वीपासून चालत आले आहे. पुण्याचे डेक्कन जिमखाना हे मंडळ १९०६ साली स्थापन झाले. तेथील शर्यतींत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावत. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते. तरीही त्यांची धाव पाहून मंडळाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी भारतातून धावपटू व मल्ल पाठविण्यात आले. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी ४२ किलोमीटरांहून अधिक लांबीची मॅरेथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. एकोणिसावा क्रमांक म्हणजे पदक नव्हे, हे खरे. पण कोणी शर्यतीच भरविल्या नसत्या, तर हे नाव बेळगावच्या बाहेर कोणाच्या कानी पडले असते?

मात्र सर्वच मंडळे पहिला कोण, हे शोधण्यासाठी नसतात. लंडनच्या बुशी पार्क या उद्यानात २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्युइट या गृहस्थांनी ५ किलोमीटरांची एक मोफत धाव ठेवली. दुखापतीमुळे त्यांना स्वतःला धावता येत नव्हते, पण मित्रांचा सहवास सोडवत नव्हता. त्या दिवशी अवघे १३ जण धावले. पुढे 'पार्करन' या नावाने हा उपक्रम अनेक देशांत पोहोचला. त्यातील एक पद्धत मला विशेष आवडते. सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत राहतो आणि सर्वांच्या शेवटी तोच रेषा ओलांडतो. त्यामुळे नवखा मुलगा, पोक्त आजी किंवा आजारातून उठलेला मनुष्य यांपैकी कोणावरही शेवटचा येण्याची पाळी येत नाही!

मंडळ कसे आहे हे पाहावयाचे, तर त्याच्या पुढच्या धावपटूकडे पाहू नये, मागच्याकडे पाहावे. त्याला हसतात, की त्याच्यासाठी थांबतात? गावातील मुलींना तर हे फार लवकर कळते. एकटीने रस्त्यावर धावावयाचे म्हणजे आईचा जीव टांगणीला लागतो. पण आठ जणी मिळून निघाल्या आणि सोबत एखादी थोरली ताई असली, म्हणजे तीच आई पहाटे हाक मारून उठविते.

तुमच्या गावात असा मेळा असेल, तर त्यातील मोठ्यांना विचारून आणि घरी सांगून त्यात सामील व्हा. नसेल, तर शाळेच्या पटांगणावर चौघांनी मिळून आरंभ करण्यास काय हरकत आहे? पहिले काही दिवस दोन मिनिटे धावावे, दोन मिनिटे चालावे. आधी व नंतर पाणी प्यावे. वाट बोडीच्या पाळीवरची किंवा वस्तीतली निवडावी. सर्वांत दमदार मुलाला एक दिवस मुद्दाम मागे ठेवावे. निघताना डोकी मोजावीत, परतल्यावर पुन्हा मोजावीत, आणि संख्या जुळेपर्यंत कोणीही घरी जाऊ नये.

अभ्यास

१. नवशिका मुलगा लवकर का दमतो?
२. 'पार्करन'मध्ये स्वयंसेवक सर्वांच्या मागे का चालतो?
३. तुमच्या गावात धावण्यास सुरक्षित अशी एक वाट निवडून तिचा नकाशा काढा. ती का निवडली, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.