चिखलातला गुरू

विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले, की त्यांचा तास मी घेत असे. जीवसृष्टीची कथा सांगताना मी फळ्यावर एक शिडी काढी. सर्वांत खाली मासा, त्यावर बेडूक, मग सरडा, मग माकड आणि सर्वांत वर माणूस! त्या चित्राचा मला मोठा अभिमान वाटे.

एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, माशांपासून पुढचे प्राणी झाले, तर आजचे मासे मासेच का राहिले?"

मला उत्तर सुचले नाही. "उगीच फाटे फोडू नकोस," असे दटावून मी त्याला खाली बसवले. तो बसला, त्याचा प्रश्न मात्र माझ्या मनात उभाच राहिला.

निवृत्तीनंतर एकदा कोकणात खाडीकाठी बसलो होतो. ओहोटीने चिखल उघडा पडला होता. तिवरांची श्वसनमुळे खिळ्यांसारखी वर आली होती. इतक्यात चिखलावर काहीतरी टुणकन उडाले. पाहतो तो मासा! मातकट रंगाचा, बेडकासारखे डोळे डोक्यावर आलेला. पुढच्या परांवर, कुबड्यांवर द्यावा तसा भार देत तो चालला होता. जवळच खेकडे धरणाऱ्या कोळिणीला मी त्याचे नाव विचारले.

"निवटी हाय ती," ती म्हणाली. "पानी गेलं तरी तिचं काय अडत नाय."

खरेच, निवटीचे काही अडत नव्हते. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते, ओलसर त्वचेतून हवा घेते आणि अंग सुकू लागले की चिखलात लोळते. प्रथम मला वाटले, ही बिचारी शिडीच्या अर्ध्यावर अडकली आहे. पण जेथे दुसरा मासा तडफडून मरेल आणि माणूस गुडघाभर रुतेल, तेथे ती सुखाने नांदत होती. अपुरी ती नव्हती. चुकीची होती ती माझी शिडी!

चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या सुविख्यात ग्रंथात एकच आकृती आहे. ती शिडीची नाही. फांद्या फुटत जाणाऱ्या वृक्षासारखी आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील हिममय बेटावर २००४ साली टिक्टालिक या माशाचे सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले. त्याच्या परांत मनगटासारखी हाडे होती. जमिनीवर आलेल्या चतुष्पाद प्राण्यांचा तो जवळचा आप्त. निवटीची फांदी मात्र वेगळी व पुष्कळ नंतरची.

माशांची एक शाखा जमिनीकडे वळली. पाण्यात राहिलेल्या शाखाही पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला साजेशा बदलत गेल्या. मासे मागे राहिलेच नाहीत. माणूसही या वृक्षाचा शेंडा नव्हे, एक डहाळी आहे.

तो मुलगा आज कोठे असेल, कोण जाणे! त्याचे राहिलेले उत्तर मी तुमच्या हाती देत आहे. मुलांनो, असा प्रश्न तुमच्या मनात उठला, तर कोणी दटावले तरी त्याला खाली बसू देऊ नका.

स्वाध्याय

१. गुरुजींनी मुलाला का दटावले? त्यांना आपली चूक केव्हा उमगली?
२. 'अपुरी ती नव्हती. चुकीची होती ती माझी शिडी!' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या प्राण्याचे निरीक्षण करून, तो आपल्या जागेला कसा साजेसा आहे, ते दहा ओळींत लिहा.